पेनाच्या टोकावरचं बेअरिंग

कांदिवलीच्या चारकोप भागातल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत ‘फ्लेअर’ या पेन-कंपनीची कचेरी आहे. तिच्या ‘रायटोमीटर’ या बॉलपेनाची ओळखच एका आकड्यावर उभी आहे. हे पेन १०,००० मीटर लिहितं, असं कंपनी सांगते. दहा किलोमीटर म्हणजे लोकलच्या रुळांच्या कडेकडेनं कांदिवलीहून अंधेरीच्या आसपास पोचणारी रेघ. आता थोडं गणित मांडू. टोकावरचा छर्रा ०.७ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचा घेर भरतो २.२ मिलिमीटर. एक किलोमीटर रेघ ओढायला त्याला साधारण साडेचार लाख फेरे घ्यावे लागतात आणि दहा किलोमीटरला पंचेचाळीस लाख. हे सगळे फेरे तो धातूच्या एका इवल्याशा खोबणीत बसून घेतो. वरून आपल्या बोटांचा दाब, खालून कागदाची खरखर आणि वंगण म्हणून फक्त शाई.

पाच-दहा रुपयांच्या वस्तूकडून आपण एवढी अपेक्षा करतो आणि ती बहुतेक वेळा पूर्ण होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. पेनाची दांडी, टोपण, पकड, रंग यांवर जाहिराती होतात. पण पेन चांगलं की वाईट हे ठरतं शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये, ज्याला या धंद्यात सगळे ‘टिप’ म्हणतात.

घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग मिळालं, तर एखादी टिप जरूर बघा. निमुळत्या शंकूच्या टोकाला धातूची बारीक कड दिसते आणि तिच्यातून छऱ्याचा थोडासाच भाग बाहेर डोकावतो. अर्ध्याहून जास्त छर्रा आत असतो, नाहीतर तो निसटून पडला असता. नव्या टिपेची कड सगळीकडून सारखी असते. वापरलेल्या टिपेच्या कडेवर एका बाजूला चकाकता सपाट पट्टा दिसला, तर समजावं की तिथे धातू कागदावर घासलेला आहे. कडेभोवती शाईत माखलेला कागदाचा लगदाही साठलेला दिसतो. लिहिताना मध्येच पडणारा ठिपका बहुधा तिथूनच येतो.

टिप बनते ती तारेपासून. तार पितळेची, जर्मन सिल्व्हरची किंवा स्टेनलेस स्टीलची, सव्वादोन-अडीच मिलिमीटर जाडीची. तिचे तुकडे पाडायचे, टोक कातून शंकू करायचा, मधून शाईचं भोक पाडायचं, पुढच्या बाजूला छऱ्याची बैठक कोरायची. मग बैठकीत नखुल्यांसारखे बारीक चर पाडायचे, म्हणजे छर्रा मागे दाबला गेला तरी त्याच्या बाजूंनी शाई पुढे येत राहते. त्यानंतर छर्रा आत टाकून त्यावर ठोका द्यायचा. या ठोक्यानं बैठकीला नेमका त्याच छऱ्याचा आकार येतो आणि तिथला धातू दबून अधिक कठीणही होतो. शेवटी वरची कड आत वळवून छर्रा कोंडायचा. हे सगळं एकाच यंत्रावर, गोल फिरणाऱ्या मेजाभोवतीच्या ठाण्यांवर, ओळीनं होतं. अशा यंत्रांसाठी स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातल्या आन्यो गावची मिक्रोन कंपनी प्रसिद्ध आहे.

यात सगळा जीव आहे तो छर्रा आणि बैठक यांच्यातल्या फटीत. ही फट मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. फट कमी पडली की छर्रा जड फिरतो, रेघ फिकी उमटते, पेन कोरडं लिहितं. जास्त झाली की शाई गळते, छर्रा खुळखुळतो, अक्षर जाडंभरडं होतं. इतक्या बारीक मापाला मुंबईची हवाही आडवी येते. यंत्राचा तीनशे मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग एका अंशानं तापला, तर तो साडेतीन मायक्रॉननं वाढतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपेक्षा आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून दांड्या-टोपणांच्या प्लास्टिक मोल्डिंगचं काम पंख्याखाली भागतं, टिपेचं यंत्र मात्र सांभाळलेल्या तापमानात ठेवावं लागतं.

मुंबईच्या उपनगरांत पेनाचा धंदा का रुजला, याचं उत्तर प्लास्टिकमध्ये आहे. घिसुलाल राठोड यांनी १९६७ साली गोरेगावात सुरू केलेला ‘सेलो’चा कारखाना आधी बांगड्या आणि प्लास्टिकच्या चपला बनवत होता, पेनं आली ती नव्वदच्या दशकात. खुबीलाल राठोड यांनी ‘फ्लेअर’ सुरू केली १९७६ साली. ज्या गाळ्यात साचे बनवणारे कारागीर आहेत आणि प्लास्टिक ओतणारी यंत्रं आहेत, तिथे साचा बदलला की बांगडीऐवजी पेनाची दांडी पडते. रिफिलची नळी, टोपण, क्लिप, छपाई असं सगळं जॉबवर्क हाकेच्या अंतरावर होतं. आसपासच्या वस्त्यांमधल्या बायका घरी बसून नगावर पेनं जुळवून द्यायच्या. शाईची परंपरा तर मराठी घराचीच. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या भावानं १९३१ साली शाईच्या पुडीपासून सुरू केलेला उद्योग पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून घराघरांत पोचला आणि अंधेरीच्या एमआयडीसीत स्थिरावला. पुढे जागा महागल्या, करसवलतींनी दमणला बोलावलं आणि बरेचसे कारखाने नायगाव, वलसाड, दमणच्या बाजूला सरकले. कचेऱ्या राहिल्या इथे. फ्रान्सच्या ‘बिक’ कंपनीनं २००९ साली सेलोच्या पेनांच्या व्यवसायात हिस्सा विकत घेण्याचा करार केला आणि नंतर तो व्यवसाय पूर्ण ताब्यात घेतला.

पण टिप हे प्लास्टिकचं काम नव्हे. ते घड्याळाच्या जातीचं काम आहे. म्हणूनच कितीतरी देशी पेनांवर ‘स्विस टिप’, ‘जर्मन टिप’ अशी अक्षरं अभिमानानं छापलेली असायची. त्या अक्षरांत बढाई असेल, पण एक प्रामाणिक कबुलीही होती. पेनाचं बाकी सगळं आपण करू शकतो, टोकासाठी मात्र बाहेर बघावं लागतं.

यात आपण एकटे नव्हतो. बॉलपेनाचा सगळा इतिहासच या टोकाशी झालेल्या झगड्याचा आहे. १८८८ साली जॉन लाउड या अमेरिकन माणसानं फिरत्या छऱ्याच्या पेनाचं पेटंट घेतलं. ते चामड्यावर खुणा करायला चालायचं, कागदावर नाही. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ साली वेगळा मार्ग धरला. वर्तमानपत्राची शाई चटकन वाळते हे त्यांनी पाहिलं होतं. रसायनं जाणणाऱ्या भावाला, ग्यॉर्गला, बरोबर घेऊन त्यांनी छऱ्याला पेलवेल अशी दाट शाई तयार केली. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यू यॉर्कच्या गिंबेल्स दुकानात रेनॉल्ड्स नावाच्या अमेरिकन उद्योजकाचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आलं, तेव्हा लोक तुटून पडले. पण ती पेनं गळायची, अडायची. फ्रान्सच्या मार्सेल बिक यांनी स्वित्झर्लंडहून घड्याळाच्या तोलाची यंत्रं आणली आणि डिसेंबर १९५० मध्ये ‘बिक क्रिस्टल’ बाजारात आलं. १९६१ साली त्यांनी पोलादी छर्रा सोडून टंगस्टन कार्बाइडचा घेतला. माझ्या मते बॉलपेनाच्या गोष्टीतला सर्वांत मोठा टप्पा हाच.

टंगस्टन कार्बाइड म्हणजे ज्यानं पोलाद कापतात तो पदार्थ. त्याची पूड कोबाल्टबरोबर दाबून, चौदाशे अंशांच्या आसपास भाजून, घासून छर्रे करतात. छर्रा अगदी आरशासारखा गुळगुळीत असून चालत नाही. तो कागदावर नुसता घसरला आणि फिरलाच नाही, तर शाई बाहेर येणार कशी? त्याला कागदाची किंचित पकड हवी, आणि बैठकीत मात्र तो सुळकन फिरायला हवा. एकाच पृष्ठभागाकडून अशा दोन उलट मागण्या असतात.

छर्रा इतका कठीण झाल्यावर झीज जाते बैठकीकडे. पितळेची असो वा स्टीलची, बैठक छऱ्यापेक्षा कितीतरी मऊच. सुरुवातीला ती थोडी घासली जाते, छऱ्याशी जुळते, आणि नवं पेन पानभर लिहिल्यावर अधिक सुरेख चालतं ते त्यामुळे. पुढे मात्र छर्रा हळूहळू आत रुतत जातो. तो काही मायक्रॉननं जरी खाली बसला, तरी शाईचे चर बुजू लागतात आणि धातूची कड कागदाला टेकू लागते. पेन फार तिरकं धरणाऱ्याला ही खरखर सर्वांत आधी जाणवते. कागदही निष्पाप नसतो. त्याला पांढरेपणा यावा म्हणून घातलेली चुनखडीची किंवा चिनी मातीची भुकटी कडेला आणि छऱ्याला घासत असते.

इथे शाईचा संबंध येतो. जुनी तेलकट शाई मधासारखी दाट असते. तिचा थर छऱ्याभोवती जाडसर राहतो, झीज कमी होते, पण हाताला जोर लावावा लागतो. जेल शाई पाण्याची. छर्रा फिरताना ती पातळ होते आणि थांबला की पुन्हा घट्ट. जपानच्या साकुरा कंपनीनं १९८४ साली आणलेल्या या प्रकारानं लिहिणं लोण्यासारखं झालं, पण थर पातळ झाल्यामुळे बैठकीवरचा भार वाढला. शिवाय पाणी पितळेला गंजवतं आणि छऱ्यातलं कोबाल्टही खातं. म्हणून जेल पेनाची टिप सहसा स्टेनलेस स्टीलची असते. मऊपणा आणि टिकाऊपणा यांची ही ओढाताण आहे. मितसुबिशी पेन्सिलच्या ‘जेटस्ट्रीम’सारख्या पेनांनी तेलकट शाईच पातळ करून तिच्यात वंगणाची द्रव्यं घातली आणि मधला रस्ता काढला. पण शाई बदलली की फट बदलावी लागते. काही टिपांमध्ये छऱ्याच्या मागे बारीकशी स्प्रिंग असते, ती न लिहिताना छऱ्याला पुढे कडेशी दाबून ठेवते, म्हणजे शाई गळत नाही आणि वाळतही नाही. एका कंपनीची रिफिल दुसऱ्या पेनात बसली म्हणजे ती तितकीच चांगली लिहील, असं म्हणूनच समजू नये.

टिपेची तार हीसुद्धा साधी गोष्ट नाही. वर्षाला सुमारे ३८ अब्ज पेनं करणारा चीन अनेक वर्षं हे स्टील बाहेरून आणत होता. २०१६ च्या सुरुवातीला त्यांचे पंतप्रधान ली कच्यांग यांनी आपल्या देशाला बॉलपेनाचं गुळगुळीत टोक करता येत नाही, अशी खंत जाहीरपणे बोलून दाखवली. जानेवारी २०१७ मध्ये तायुआनच्या सरकारी पोलाद कंपनीनं २.३ मिलिमीटरची तार बनवल्याची बातमी आली. अडचण होती ती पोलाद कापण्याची. ते गंजता कामा नये आणि चिवटही हवं, पण कातताना त्याचा कीस बारीक तुटून पडला पाहिजे. लांब दोऱ्यासारखा निघाला तर तो एवढ्याशा भोकात अडकतो आणि हत्यार मोडतो. त्यासाठी पोलादात इतर द्रव्यं अगदी नेमक्या प्रमाणात मिसळावी लागतात. कोट्यवधी टन पोलाद ओतणाऱ्या देशाला इथे इतका वेळ लागला, यावरून कामाची अवघडता कळते. आपणही या बाबतीत घाई न करता, पण जिद्दीनं, तार आणि यंत्र दोन्हींवर काम करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. उपनगरांतल्या टूलरूममध्ये हातानं साचे घासून मायक्रॉन गाठणारी माणसं आजही आहेत.

आता खरेदीबद्दल. कारखान्यात पेनाची परीक्षा घेणारं यंत्र ठरावीक भारानं, ठरावीक कोनात कागदावर वेटोळी काढत राहतं. आपणही दुकानातल्या कागदाच्या तुकड्यावर तेच करतो. पण मराठी लिहिणाऱ्याचं काम नुसत्या वेटोळ्यांवर भागत नाही. आपण अक्षरं काढतो, हात उचलतो, मागे येतो आणि शब्दावर डावीकडून उजवीकडे सरळ शिरोरेघ ओढतो. हात उचलून पुन्हा टेकवल्यावर पहिल्या मिलिमीटरपासून रेघ उमटली पाहिजे आणि शेवटपर्यंत एकसारखी राहिली पाहिजे. दुकानात ‘विद्यार्थ्यांसाठी’ असा एखादा लांब शब्द लिहा आणि वरची रेघ एका दमात ओढा. सुरुवातीला कोरी जागा राहिली, तर टिप कोरडी आहे. शेवटी ठिपका साठला, तर फट सैल आहे. मग पेन थोडं अधिक तिरकं धरून तीच रेघ ओढा. खरखर लागली, तर कडेचं वळण नीट नाही.

घरातल्या मग्यात साठलेल्या बंद पेनांचंही असंच निदान करता येतं. त्यातल्या कितीतरी रिफिलमध्ये शाई शिल्लक असते, टिप तेवढी संपलेली असते. टोपण उघडं राहून वर वाळलेली शाई असेल, तर टिप कोमट पाण्यात भिजवून रफ कागदावर फिरवली की छर्रा सुटतो. तळहातांत रिफिल चोळणारी मुलंही बरोबरच करतात, उबेनं दाट शाई जरा सैल होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन वरच्या दिशेला धरून लिहिलं असेल, तर शाई मागे राहून टिपेत हवा शिरलेली असते. टोक खाली करून पेन रात्रभर उभं ठेवलं की ते बरेचदा सुरू होतं. पण पेन टोकावर आपटून पडलं असेल, तर कड चेपलेली असते आणि त्याला इलाज नाही. रेघ एकाच बाजूला दुहेरी उमटत असेल, मध्ये पांढरी फट दिसत असेल, तर बैठक झिजली आहे. अशा वेळी दांडी ठेवा, रिफिल तेवढी नवी घाला, आणि घेताना तिची टिप पितळेची आहे की स्टीलची, हे दुकानदाराला विचारा.