बापपणाची सोडचिठ्ठी?

शाळा पूर्णगडची असो वा रत्नागिरीची, एक प्रसंग शिक्षकांच्या परिचयाचा असतो. आईच्या दुसऱ्या पतीला मूल मनापासून 'बाबा' म्हणते. नोंदवहीत मात्र नाव जन्मदात्याचेच असते. आईचा संसार नव्याने उभा राहतो, मूल दोन नावांच्या मध्ये अधांतरी राहते.

यावर एक सोपी वाट सुचविली जाते. जन्मदात्याने मुद्रांकाच्या कागदावर 'माझा या मुलावर हक्क नाही' असे लिहून द्यावे, म्हणजे झाले! पोटगी टाळू पाहणाऱ्या पित्याला ती सोयीचीही वाटते. परंतु हा निव्वळ भ्रम होय. अज्ञान मुलाच्या पालनपोषणाचे दायित्व कायद्याने मातापित्यांवर टाकलेले आहे. बापपण म्हणजे जमिनीतील हिस्सा नव्हे, की हक्कसोडपत्र केले आणि मोकळे झाले! दुसरा कोणी विधिपूर्वक दत्तक घेईल, तेव्हाच ते दायित्व त्याच्याकडे जाते.

हिंदूंसाठी १९५६ च्या कायद्याने दत्तक देण्याचा अधिकार प्रायः पित्याकडे ठेवला होता. २०१० च्या दुरुस्तीने तो मातेलाही समान मिळाला. हयात असलेल्या दुसऱ्या पालकाची संमती मात्र सामान्यतः आवश्यक ठरली. २०१५ च्या बालन्याय कायद्याखालील वाट सर्व धर्मीयांना खुली आहे. त्याखालील २०२२ च्या नियमांनुसार, मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात असल्यास निकालापूर्वी सावत्र पालकाच्या दत्तकाची प्रक्रिया सुरू होत नाही.

पिता हयात नसेल तर? आंध्र प्रदेशातील एका पुनर्विवाहित मातेच्या प्रकरणी, कागदपत्रांत नव्या पतीचा उल्लेख 'सावत्र पिता' असा करावा, असे उच्च न्यायालयाने फर्मावले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ रोजी ते निर्दयपणाचे ठरवून रद्द केले आणि मुलाचे आडनाव ठरविण्याचा मातेचा अधिकार मान्य केला.

तथापि या निर्णयात घाई नको. हिंदूंच्या दत्तक कायद्यानुसार विधिवत झालेले दत्तक रद्द करता येत नाही. मुलाला आधी प्राप्त झालेली मिळकत त्याच्याकडे राहते. परंतु जन्मदात्याच्या कुळाशी असलेले कायदेशीर नाते तुटते. म्हणून पोटगीच्या हिशेबाने संमती देणारा पिता आणि केवळ पत्नीच्या समाधानासाठी हात पुढे करणारा पती, दोघांनीही थांबून विचार करावा. ज्याचे नाव लिहावयाचे, त्याने ते मूल आपले म्हणून वाढविण्याची सिद्धता आधी केली पाहिजे. आणि तोवर निदान शाळेने तरी त्या मुलाला वर्गासमोर उभे करून, 'तुझे खरे वडील कोण?' असे विचारू नये.