संजाणचा मधुमती

अच्छाडचा नाका मी शंभरदा तरी ओलांडला असेल. लहानपणी वापीच्या मावशीकडे एसटीनं जाताना, पुढे नोकरीपायी. दुकानांच्या पाट्या मराठीतून गुजरातीत नेमक्या कुठे जातात ते पकडायचं, हा माझा जुना खेळ. तो मी एकदाही जिंकलेलो नाही. भिलाडपर्यंत दोन्ही लिप्या एकमेकींच्या गळ्यात गळा घालून असतात, आणि ट्रकवाल्यांचा चहा अलीकडे-पलीकडे सारखाच उकळलेला.

ही हद्द तशी कालची. १९६०मध्ये मुंबई राज्य दुभंगलं तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची ४७ गावं आणि तीन शहरं गुजरातेत गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली, मग १९६१मध्ये त्यांचा वेगळा तलासरी महाल केला. म्हणजे तलासरी हा एका तालुक्याचा इकडे राहिलेला तुकडा. तिकडे गेलेल्या गावांत एक होतं संजाण.

या टापूत पाहण्यासारखं काय, असं विचारलं की ठरलेली यादी मिळते. विवळवेढ्याची महालक्ष्मी, चैत्री पौर्णिमेची तिची जत्रा आणि वाघाडीच्या पुजाऱ्यानं मध्यरात्री डोंगरावर चढवायचा झेंडा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंमुळे जगभर पोचलेले वारली चौक. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं जपला ती बाहरोटची लेणी, आणि १७४२पासून तो अग्नी जिथे आहे ते उदवाडा (आत फक्त पारशांना प्रवेश, आपण बाहेरच्या गल्ल्या बघायच्या). हे सगळं जरूर बघा. पण मी ज्याच्या नादी लागलो ते या यादीत नाही. ते आहेत काही तांब्याचे पत्रे.

१९५५मध्ये डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात हे ताम्रपट सापडले. एकूण पाच लेख. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात छापले. मी तो खंड वाचनालयात पहिल्यांदा उघडला तो शिलाहारांच्या शोधात. शिलाहार राहिले बाजूला. सगळ्यात जुना लेख शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात ‘संयान मंडला’चा, म्हणजे संजाण प्रांताचा, कारभारी भेटतो. नाव मधुमती, दुसरं नाव सुगतिप, जात ताजिक, बापाचं नाव सहियारहार. ताजिक म्हणजे अरब. आणि मधुमती म्हणजे मोहम्मद! संस्कृत लिहिणाऱ्या त्या पंडिताच्या कानाला ‘मोहम्मद’ जसा लागला तसा त्यानं लिहिला, आणि लिहिता लिहिता त्यात मध घातला. बापाच्या नावात मात्र शहरयार हे इराणी नाव दडलेलं दिसतं.

त्याला हा प्रांत दिला इंद्राच्या आजानं, दुसऱ्या कृष्णानं. कृष्ण वारला ९१४मध्ये, म्हणजे ताम्रपटाच्या वेळी मधुमतीला गादीवर डझनभर वर्षं तरी झालेली. त्यानं आसपासच्या बंदरांचे नायक जिंकून राजाच्या पायाशी आणले आणि तिथे आपली माणसं बसवली, असं लेख सांगतो. पुढचं मला जास्त आवडतं. त्यानं दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या आणि संजाणात अन्नछत्र घातलं. तिथे काय वाढत, तेही कोरलंय: साळीचा भात, कालवण आणि तूप.

या ताम्रपटातल्या दानाचा विषय आहे एक मठी, म्हणजे छोटा मठ. अण्णैय नावाच्या ब्राह्मणानं बांधलेली, देवी दशमीची. पुव्वैय या मंत्र्याचा हा अण्णैय मित्र. दोन्ही नावं कानडी वळणाची, राजधानी मान्यखेटकडची वाटावीत अशी. मधुमतीनं राजाच्या संमतीनं मठीच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या नऊ जणांच्या जेवणासाठी कणाडुक नावाचं गाव आणि देवीहार गावातली थोडी जमीन दिली. एक मुसलमान अंमलदार, त्याचा कानडी धनी, आणि कोकणातल्या देवीला गाव.

याच्यावरून सर्वधर्मसमभावाचं भाषण ठोकायचा मोह होतो. मी एकदा ठोकलंही, आणि एका जाणत्या श्रोत्यानं मला तिथल्या तिथे गप्प केलं. तो म्हणाला, “अहो, बंदरातली जकात कोण गोळा करणार, हा राजाचा प्रश्न होता. समुद्रापलीकडची भाषा कळणारा माणूस त्यानं नेमला.” बरोबर आहे. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६च्या सुमाराला चौलला आला, तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते असं त्यानं लिहून ठेवलंय. पण जकात नुसती गोळा करूनही भागलं असतं. तुपाची गरज नव्हती.

खरी मजा पुढच्या, तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या लेखात आहे. मठीच्या शेजारी भिल्लमालदेवाचं देऊळ होतं, भीनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी उभारलेलं. देवाची थोडी जमीन मठीच्या कुंपणात सापडली. कुंपण पुढे सरकलं की जमीन मागे राहिली, कोण जाणे! मठीचे स्वाध्यायिक, म्हणजे तिथले अभ्यासक, एकीकडे; देवळाचे वारिक, म्हणजे कारभारी, दुसरीकडे. शेवटी ठरलं की कुंपण आहे तिथेच राहील, पण मठीनं देवाला दर वर्षी चाळीस द्रम्म द्यायचे. या भाड्याला शब्द आहे ‘श्रोतक’. हजार वर्षांपूर्वी दोन देवस्थानं बांधावरून भांडली आणि भाड्यावर मिटवलं. तलासरीच्या तहसील कचेरीबाहेर बसलेल्या कुठल्याही माणसाला हा लेख पहिल्या वाचनात कळेल.

मग शके ९५६चा, १०३४चा लेख. आता राज्य शिलाहारांचं, संजाणला चामुंडराज. तो मठीला एक तेलाचा ‘घाणक’ देतो. तेल देवीपुढच्या दिव्याला आणि स्वाध्यायिकांच्या पायांना चोळायला. आपला घाणा तेव्हाही घाणाच होता. ज्यांना ही खबर दिली त्या नगरजनांत ‘हंयमन’ लोक आहेत, आणि नावं आहेत अल्लिय, महर, मधुमत. अली, मिहिर, मोहम्मद. हंयमन म्हणजे अंजुमन, जमातीची सभा. ती पारशांची की अरबांची, यावर पंडितांचं अजून जमलेलं नाही. पारशांची आगमनकथा सांगणारा ‘किस्से-संजाण’ १५९९चा, म्हणजे या पत्र्यांहून साडेपाचशे वर्षांनी धाकटा. संजाणला २००२ ते २००४मध्ये उत्खनन झालं, त्यात पश्चिम आशियातली चकचकीत भांडी निघाली आणि एक जुनी दखमाही, म्हणजे पारशी मृतदेह ठेवत ती जागा. मला विचाराल तर एकाच अंजुमनेत दोन्ही बसत असतील. बंदरात माणसं अशीच बसतात.

इतिहासकार रणबीर चक्रवर्ती यांनी १९९०मध्ये या मठीवर एक सुरेख निबंध लिहिला. मराठीत मात्र मधुमतीला मी क्वचितच भेटलो. चिंचणीच्या किनाऱ्यावर रविवारी गर्दी असते, भेळेच्या गाड्या असतात. तांब्याच्या पत्र्यांबद्दल विचारलं तर एका आजोबांनी “इथे तारापूरला कारखान्यात मिळतील,” असं मनापासून सांगितलं.

गेल्या मार्गशीर्षात मी अच्छाडहून संजाणला गेलो. पारशांचा स्तंभ बघितला, मग वारोळीच्या पुलावर थांबलो. ओहोटी होती, चिखलात दोन होड्या कलंडलेल्या, एक बाई खेकड्यांची टोपली डोक्यावर घेऊन काठाकाठानं चाललेली. मठी कुठे असेल, असं पुलावरच्या पानवाल्याला विचारलं. त्यानं अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत विचारलं, “कुणाची मठी?”

मी म्हणालो, “देवीची. मोहम्मदनं गाव दिलेली.”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि पानाला चुना लावायला घेतला.