जुगारातली हारजीत आणि घरखर्च

जुगारात जिंकलेले हजार रुपये आणि पगाराचे हजार रुपये यांची किंमत सारखीच असते. पण माणूस ते सारख्या हाताने खर्च करत नाही. जिंकलेली रक्कम फुकटची वाटते. ती बचतीत न जाता मोबाइल, पार्टी किंवा पुढच्या डावावर उडते. जिंकलेल्या पैशावर माणूस अधिक जोखीम घेतो, हे रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी १९९० मध्ये प्रयोगांतून दाखवले. हरलेल्या माणसाला सगळे नुकसान एका फटक्यात भरून देणारा डाव खुणावतो, हेही त्यात दिसले. म्हणून हरल्यावरही खेळ थांबत नाही. आधी बचत मोडते, मग किराणा उधारीवर येतो, शाळेची फी थकते आणि शेवटी दागिने गहाण पडतात.

नागपुरात २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात, तक्रारीनुसार, एका व्यापाऱ्याला सुरुवातीला पैसे मिळाले. पुढे मात्र त्याने सुमारे ५८ कोटी रुपये गमावले.

मटक्याचे गणितही असेच आहे. एकेरी आकडा लागला तर साधारण नऊपट रक्कम मिळते. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. अधूनमधून जीत झाली तरी दीर्घकाळात तूट ठरलेलीच.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. सवय सुटत नसेल तर घरचा आर्थिक व्यवहार दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवावा आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन घ्यावे.