रंग उडाला म्हणजे कोळंबी आजारी पडली का?

दुकानात लालचुटूक दिसणारी चेरी श्रिम्प घरच्या टाकीत सोडली आणि तासाभरात ती फिक्कट पडली, की नव्या हौशी माणसाचं धाबं दणाणतं. मग पाणी बदला, औषध टाका, दुकानदाराला फोन करा, अशी धावपळ सुरू होते. बऱ्याचदा कोळंबीला त्रास होतो तो या धावपळीचा. गोड्या पाण्यातल्या या इवल्या कोळंबीचा रंग अनेक कारणांनी बदलतो. त्यातली बहुतेक कारणं निरुपद्रवी असतात, पण थोडी खरोखर गंभीरही असतात. त्यांतला फरक ओळखता यावा, म्हणून काही नेहमीचे गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : टाकीत सोडताच रंग गेला, म्हणजे कोळंबी आजारी होती किंवा तिला रंग लावलेला होता.

वस्तुस्थिती : कोळंबीच्या कवचाखालच्या त्वचेत रंगपेशी असतात. पेशीतले रंगकण पसरले की अंग गडद दिसतं आणि ते मध्यभागी गोळा झाले की अंग फिकं पडतं. या हालचालीवर डोळ्यांच्या देठातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचा ताबा असतो. लाल कण गोळा करणाऱ्या अशा एका संप्रेरकाची रचना फर्नलुंड आणि योसेफसन या शास्त्रज्ञांनी 1972 साली समुद्री कोळंबीवर काम करून उलगडली. ते अवघ्या आठ अमिनो आम्लांचं बनलेलं असतं.

प्रवासाचा ताण, नवं पाणी आणि झगझगीत उजेड यांनी कोळंबी फिकी पडते. तळाला पांढरी वाळू असेल तर ती फिकीच राहते, काळी वाळू असेल तर गडद होते. दुकानातल्या टाक्यांत काळी वाळू असते ती उगाच नाही. नव्या कोळंबीला काही दिवस स्वस्थ राहू द्यावं, रंग बहुधा आपोआप परततो.

गैरसमज : रंग वाढवणारं खाद्य दिलं की कोणतीही कोळंबी लालभडक होते.

वस्तुस्थिती : लाल रंगामागच्या ॲस्टाझँथिन या द्रव्याचा कच्चा माल कोळंबीला अन्नातूनच मिळवावा लागतो. शेवाळ आणि इतर खाद्यातली कॅरोटिनॉइड द्रव्यं घेऊन ती ते घडवते. त्यामुळे निकृष्ट खाद्याने रंग उतरू शकतो, हे खरं. पण चांगलं खाद्य अनुवंशाने घालून दिलेली मर्यादा ओलांडू शकत नाही. नर मादीपेक्षा लहान, सडपातळ आणि फिकाच असतो, पिल्लंही फिकी असतात. टाकीतल्या निम्म्या कोळंब्या पांढुरक्या दिसत असतील, तर ते बहुधा नर असतील.

गैरसमज : लाल आणि निळी कोळंबी एकत्र ठेवली की जांभळी पिल्लं होतात, पिल्लं तपकिरी निघाली तर पाणी बिघडलंय.

वस्तुस्थिती : लाल चेरी, पिवळी, नारिंगी, ब्लू ड्रीम या बहुतेक रंगीत कोळंब्या निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच प्रजातीच्या आहेत. चीन, तैवान आणि कोरिया हा या प्रजातीचा मूळ टापू. तिथल्या ओढ्यांत ती तपकिरी, करड्या किंवा जवळपास पारदर्शक रंगाची असते. शुद्ध रंग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून टिकवले आहेत. वेगवेगळे रंग एकत्र वाढले की संकर होतो आणि काही पिढ्यांत बहुतेक संतती मूळच्या मळकट रंगाकडे जाते. हौशी माणसाची निराशा होते खरी, पण ती तपकिरी कोळंबी ठणठणीत असते.

गैरसमज : तळाशी काचेसारखी कोळंबी निपचित पडलीय, म्हणजे एक मेली.

वस्तुस्थिती : ती बहुतेक वेळा टाकलेली कात असते. जवळून पाहिलं तर मिशा, पाय आणि डोळ्यांवरची टोपणंसुद्धा जागच्या जागी दिसतात, पण आत काहीच नसतं. डोकं आणि पोट जिथे जुळतात तिथे पाठीवर फट असते. पाण्याच्या झुळकीसरशी ती हलते. लहान कोळंबी आठवड्याभरात, तर मोठी साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकते. ती कात काढून टाकू नये. तिच्यात कॅल्शियम असतं आणि कोळंब्याच ती खातात.

मेलेली कोळंबी वेगळी दिसते. ती अपारदर्शक होते आणि हळूहळू गुलाबी-नारिंगी पडते. बाजारातली करडी कोळंबी तव्यावर नारिंगी होते, त्यातही हेच ॲस्टाझँथिन असतं. प्रथिनाला बांधलेलं असताना त्याचा रंग झाकलेला असतो, प्रथिन मोडलं की तो उघडा पडतो. असं गुलाबी शव मात्र लगेच काढावं, नाहीतर पाण्यात अमोनिया वाढतो.

गैरसमज : मानेजवळ पांढरं कडं दिसलं की पाण्यात भरपूर कॅल्शियम टाकावं.

वस्तुस्थिती : हे लक्षण गंभीर आहे, पण घाईचा उपाय त्याहून घातक ठरतो. डोकं आणि पोट यांच्या मध्ये अंगाभोवती पूर्ण फिरलेलं रुंद पांढरं कडं म्हणजे जुनं कवच नको तसं फाटलंय आणि कोळंबी त्यातून बाहेर पडू शकत नाही. अशी कोळंबी क्वचितच वाचते. बाकीच्या वाचवायच्या असतील तर पाण्याकडे पाहावं लागतं.

मुंबईत तलावांतून येणारं नळाचं पाणी मृदू असतं. त्यात खनिजं कमी पडली की कवच नीट घडत नाही. उलट मराठवाड्यात किंवा पुण्याच्या आसपास बोअरचं पाणी चांगलंच जड निघतं. निओकॅरिडिनासाठी जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा, 6 ते 8 अंशांच्या आसपास असावा. नुसता टीडीएस मीटर पुरत नाही, कारण पाण्यात क्षार किती आहेत एवढंच तो सांगतो; त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. एकदम अर्धी टाकी बदलली तर कोळंबी अवेळी कात टाकू शकते. म्हणून दर खेपेला दहा-पंधरा टक्केच पाणी बदलावं, तेही क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून.

गैरसमज : पोटाखाली हिरवं-पिवळं दिसलं की अंडीच.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा अंडीच असतात. आधी मादीच्या मानेमागे पिवळट किंवा हिरवट खोगीर दिसतं, ते म्हणजे तिचे बीजकोश. पुढे वीस-तीस अंडी पोटाखाली येतात आणि तीन-चार आठवड्यांत पिल्लं निघतात. अंडी गोल आणि सुटी दिसतात, मादी पोहण्याच्या पायांनी त्यांना सतत वारा घालते.

पण तिथे कापसासारखा हिरवट-पिवळट झुबका असेल, किंवा तो नराच्याही पोटाखाली असेल, तर ते क्लॅडोगोनियम हे परजीवी शेवाळ असू शकतं. त्याचे तंतू शरीरात शिरतात आणि ते इतरांना लागतं. अशी कोळंबी तात्काळ वेगळी करावी. नाकाच्या टोकाशी बारीक पांढरे वळवळणारे दोरे दिसले तर तो स्क्युटॅरिएला नावाचा चपटा कृमी असतो. त्यावर अनुभवी पालक काही सेकंदांची मिठाची अंघोळ घालतात. मात्र पारदर्शक अंगातलं मांसच दुधाळ होऊ लागलं, तर ते स्नायूंच्या ऱ्हासाचं किंवा संसर्गाचं लक्षण असतं. रंग फिका होण्यापेक्षा धास्ती घ्यावी ती या दुधाळपणाची.

गैरसमज : खाद्याच्या डब्यावर तांबं लिहिलंय, म्हणजे ते विष.

वस्तुस्थिती : कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायानिनमध्ये तांबंच असतं. खाद्यातलं अत्यल्प तांबं तिला लागतं. घातक ठरतं ते पाण्यात विरघळलेलं तांबं, विशेषतः माशांच्या रोगांवरच्या तांबंयुक्त औषधांतलं.

आपल्या घरांत मात्र याहून मोठा धोका दुर्लक्षित राहतो. डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचे स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं असतात. कीटक आणि कोळंबी दोघंही संधिपाद, त्यामुळे डासांना मारणारं औषध कोळंबीलाही मारतं. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो, हे विसरू नये. कीटकनाशक भाज्यांवरही असू शकतं, म्हणून पालकाचं पान किंवा दुधीची चकती घालण्याआधी ती नीट धुऊन उकळून घ्यावी.

तेव्हा कोळंबीचं आरोग्य पाहताना रंगाला शेवटचा क्रमांक द्यावा. आधी ती चरतेय का ते पाहा. निरोगी कोळंबी दिवसभर पुढच्या चिमट्यांनी काहीतरी वेचत असते. मग मांस स्वच्छ दिसतंय का, मिशा हलताहेत का, हे पाहा. उन्हाळ्यात पाणी 28 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शंका आली तर अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्यच हवेत. हे सगळं नीट असेल आणि कोळंबी नुसतीच फिकी असेल, तर औषधाची बाटली कपाटातच राहू द्या.