आधी लस, मग औषध

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक जोडपे आले. पत्नीचे वय एकतीस, बँकेत नोकरी. हातात पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांची जाडजूड फाईल, आणि सोबत सासूबाई. फाईलवर निदान होते, मल्टिपल स्क्लेरॉसिस. सहा आठवड्यांनी रिटुक्सिमॅब नावाचे औषध सलाईनमधून सुरू व्हायचे होते. त्याआधी आवश्यक त्या लसी टोचून घ्याव्यात, असा माझ्यासाठी निरोप होता. सासूबाईंना हे मुळीच पटले नव्हते. "डॉक्टर, पोरीला आधीच एवढं दुखणं, त्यात आणखी सुया कशाला? लसी तर लहान मुलांना देतात ना?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. असाच प्रश्न अनेक घरांत पडत असेल, म्हणून आजचा लेख.

कुंपणच शेत खाते तेव्हा

आपल्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर असावे तसे, एक आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी प्रतिकारशक्ती काही कारणाने या आवरणावरच उलटते आणि ते जागोजागी कुरतडले जाते. मग कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसते, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्याकडे तो युरोपच्या मानाने कमी आहे. परंतु एमआरआयची सोय वाढल्यापासून त्याचे निदान अधिक वेळा होऊ लागले आहे.

कुंपणच शेत खाऊ लागले तर कुंपणाला आवर घालावा लागतो. या रोगावरील बरीचशी प्रभावी औषधे हेच करतात. रिटुक्सिमॅब आणि ऑक्रेलिझुमॅब ही औषधे रक्तातील बी पेशी कमी करतात. फिंगोलिमॉडच्या गोळ्या पांढऱ्या पेशींना लसिका ग्रंथींतच अडकवून ठेवतात. त्यामुळे मज्जातंतूंवरील हल्ला थांबतो, पण जंतूंविरुद्धचा पहाराही ढिला पडतो.

लस आधीच का?

लस म्हणजे शरीराला दिलेली शत्रूची ओळख. ती ओळख पटवून घेऊन प्रतिपिंडे तयार करण्याचे काम मुख्यतः बी पेशींच्या वंशातील पेशी करतात. औषधाने त्याच पेशी नाहीशा झाल्यावर लस टोचली, तर शिकवणी घ्यायला वर्गात विद्यार्थीच नाहीत अशी गत होते. ऑक्रेलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णांना धनुर्वात, न्यूमोनिया व फ्लूच्या लसी देऊन पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात प्रतिपिंडे कमी तयार झाली. २०२१ साली कोरोनाच्या लसीबाबतही अशा रुग्णांत हाच अनुभव आला. मात्र औषधापूर्वी घेतलेल्या लसीचे संरक्षण बऱ्याच अंशी टिकून राहते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, बीसीजी आणि पीतज्वर यांच्या लसींत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात. निरोगी माणसाला त्यांचा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती दडपलेल्या माणसात मात्र हेच दुर्बल जंतू डोके वर काढू शकतात. म्हणून औषध चालू असताना जिवंत लस देत नाहीत. ती संधी औषधापूर्वीच असते.

एक चूक, माझी

हे मी आज ठामपणे लिहितो आहे, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी याच रोगाचा एक तरुण शिक्षक माझ्याकडे येत असे. शहरातील तज्ज्ञांनी त्याला फिंगोलिमॉड सुचवले होते. सुरुवातीच्या रक्ततपासण्या मी केल्या, पण "तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?" एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही. सात महिन्यांनी भाच्याला कांजिण्या आल्या आणि त्याच्याकडून मामाला. त्या फुफ्फुसापर्यंत पोचल्या. अठरा दिवस रुग्णालयात काढून तो वाचला, पण औषध थांबवावे लागले आणि मूळ रोगाने जोराने उचल खाल्ली. आज तो काठी घेऊन शाळेत जातो. प्रतिपिंडांची एक तपासणी आणि लसीच्या दोन मात्रा, एवढ्याने हे बहुधा टळले असते.

आपल्यासारख्या उष्ण देशात अनेकांना बालपणी कांजिण्या येतच नाहीत, त्या मोठेपणी गाठतात. तेव्हा "सगळ्यांनाच येऊन गेलेल्या असतात" हे गृहीत धरू नये.

काय तपासावे, काय टोचावे?

औषध ठरताच रुग्णाने जुनी लसीकरणाची कार्डे शोधावीत. कार्ड नसेल तर रक्ताच्या तपासणीतून पुष्कळ कळते. साधारणपणे पुढील गोष्टी पाहाव्यात :

* कांजिण्या : प्रतिपिंडे नसतील तर लसीच्या दोन मात्रा, किमान चार आठवड्यांच्या अंतराने.
* 'ब' कावीळ : ही तपासणी टाळू नये. शरीरात दबून राहिलेला हा विषाणू रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅबमुळे उसळून यकृत निकामी करू शकतो. संसर्ग नसेल आणि संरक्षणही नसेल तर लस घ्यावी. तिचे नेहमीचे वेळापत्रक शून्य, एक व सहा महिने असे असते. घाई असल्यास डॉक्टर ते बदलू शकतात.
* न्यूमोनिया व फ्लू : दोन्ही लसी जिवंत नाहीत. फ्लूचे इंजेक्शन दरवर्षी घ्यावे, आपल्याकडे शक्यतो पावसाळ्यापूर्वी. नाकात फवारायची लस मात्र जिवंत असते, ती नको.
* धनुर्वात-घटसर्प : दहा वर्षे उलटली असल्यास पुन्हा.
* नागीण : आपल्याकडे २०२३ पासून मिळणारी नवी लस जिवंत नाही. ती आपल्याला लागू आहे का, हे तज्ज्ञांना विचारावे.
* क्षयरोग : येथे लस नव्हे, तपासणी महत्त्वाची. दबलेला क्षय आहे का, हे औषधाआधी पाहिले जाते.

वेळेचा हिशेब असा : जिवंत लस आणि औषधाची पहिली मात्रा यांत किमान चार आठवडे, काही औषधांसाठी सहा. इतर लसींसाठी किमान दोन आठवडे. रोगाचा झटका चालू असेल तर तो ओसरेपर्यंत लस थांबवतात. झटक्यासाठी स्टिरॉइडची सलाईन लावली असेल तर ते लस देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. गर्भवतीला जिवंत लस देत नाहीत.

लसीने रोग बळावतो का?

ही भीती जुनी आहे. 'ब' कावीळीच्या लसीमुळे हा रोग होतो अशा शंकेने फ्रान्सने १९९८ साली शाळांतील ते लसीकरण थांबवले होते. पुढे २००१ साली युरोपातील ६४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धनुर्वात, 'ब' कावीळ आणि फ्लू यांच्या लसींनंतर रोगाचे झटके वाढल्याचे त्यात आढळले नाही. लसीनंतर एखाद-दोन दिवस ताप आला तर जुनी लक्षणे तात्पुरती जाणवू शकतात. ताप उतरला की तीही उतरतात.

एक इशाराही द्यायला हवा. लसींसाठी आपणहून औषध पुढे ढकलू नये. रोग वेगाने वाढत असेल तर औषधच आधी द्यावे लागते, आणि तो निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांचा असतो. शिवाय इंटरफेरॉन किंवा ग्लॅटिरामर घेणाऱ्यांत लसींचा परिणाम फारसा घटत नाही. म्हणून औषधाचे नाव सांगूनच सल्ला घ्यावा.

घरच्यांचेही काम

रुग्णाभोवतीची माणसे सुरक्षित असतील तर रोग घरात शिरण्याची वाट अरुंद होते. घरच्यांनी फ्लूची लस घ्यावी, मुलांच्या लसी वेळेवर द्याव्यात. मुलाला कांजिण्यांच्या लसीनंतर पुरळ आले तर ते जाईपर्यंत रुग्णाने जपून राहावे. पोलिओच्या थेंबांतील विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतो. घरात असा रुग्ण आहे हे बालरोगतज्ज्ञांना सांगावे आणि बाळाचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

त्या बँकेतील मुलीच्या रक्तात कांजिण्यांची प्रतिपिंडे सापडली. 'ब' कावीळीचा संसर्ग नव्हता, पण संरक्षणही नव्हते. त्या लसीच्या दोन मात्रा, न्यूमोनिया, फ्लू आणि धनुर्वाताची लस असे सगळे पहिल्या चार आठवड्यांत उरकले. पुढे दोन आठवडे थांबून ठरल्या तारखेला पुण्यात तिचे औषध सुरू झाले. 'ब' कावीळीच्या उरलेल्या मात्रेचे वेळापत्रक तेथील डॉक्टरांनी आखून दिले आहे.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे सासूबाईंना वेगळे सांगावे लागले नाही. मागच्या सोमवारी त्या एकट्याच आल्या आणि बाही वर करत म्हणाल्या, "ती फ्लूची मलाही टोचा. घरात राहायचंय मला तिच्याबरोबर."