साध्या दोलकाचे उत्तर किती यावे?

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांमध्ये साध्या दोलकाचा प्रयोग उघडून पाहा. गुरुत्वत्वरणाचे उत्तर पुष्कळदा ९.८१ असते. हे उत्तर पाहून समाधान वाटण्यापेक्षा शंका यायला हवी.

एक तर ९.८१ हे मूल्य ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचे, म्हणजे युरोपातले. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरतेही. म्हणून विषुववृत्ताकडे जावे तसे गुरुत्वत्वरण कमी होते. मुंबईला ते ९.७९ च्या जवळपास भरते. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेतील कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याला लंबक किंचित आखूड करावा लागला.

दुसरे असे की, एक मीटर लांबीच्या दोलकाला २० आंदोलनांसाठी साधारण ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच चालू-बंद करताना ०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतात, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने उत्तरात ही चूक एक टक्का होते. तेव्हा ९.७ आणि ९.९ ही दोन्ही उत्तरे प्रामाणिक मानावीत. (१०० आंदोलने मोजली तर चूक पाचपटीने घटते, पण तेवढा धीर हवा!) झोका मात्र लहान ठेवावा. दोलक ३० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. १० अंशांना ही वाढ ०.२ टक्केच असते.

या प्रयोगाचा खरा गाभा आलेखात आहे आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. समजा, एखाद्या मुलीने फक्त दोऱ्याची लांबी मोजली, गोळीची त्रिज्या धरलीच नाही. दोरा ५० सेंमी आणि त्रिज्या १ सेंमी असेल तर एकाच वाचनावरून काढलेले उत्तर २ टक्क्यांनी कमी येईल. पण तिने निरनिराळ्या लांब्या घेऊन आवर्तकालाचा वर्ग आणि दोऱ्याची लांबी यांचा आलेख काढला, तर सगळे बिंदू सारख्याच अंतराने सरकतात. रेषेचा चढ बदलत नाही. ३९.४८ ला (म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीला) या चढाने भागले की गुरुत्वत्वरण बरोबर मिळते. रेषा मात्र आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवल्यास ती लांबीच्या अक्षाला उणे १ सेंमीवर छेदते. विसरलेली त्रिज्या तिथे सापडते.

पुष्कळ मुले ही रेषा ओढूनताणून शून्यातून नेतात, कारण सूत्र तसे सांगते. त्यांना एकदा गोळीऐवजी क्रिकेटचा चेंडू टांगायला सांगावे. दोरा ४० ते १२० सेंमी घ्यावा आणि प्रत्येक वेळी ५० आंदोलने मोजावीत. छेद उणे तीन-चार सेंमीवर येईल. चेंडूचा घेर सुमारे साडेबावीस सेंमी असतो. त्यावरून त्रिज्या काढून दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहायला लावावेत.