बर्फाचा वाटा

महाराष्ट्रात १९९४ साली कायदा झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. पण कायद्यात वाटा असणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं वेगळं, हे आपल्याकडच्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट सारखी आठवत राहिली. तिथे जमीन नव्हती, बर्फ होता. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा बर्फाचा तुकडा, आणि त्यावर मुलींनी उतरायचं की नाही हा प्रश्न. तिथला कायदा १९७२चा. संघ उभा राहिला १९९९ साली. त्या संघाला हक्काचं मैदान मिळालं २०१२ साली.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात, म्हणून आधी या खेळाची थोडी ओळख. आइस हॉकीत चेंडू नसतो. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची, कडक रबराची काळी चकती असते. तिला पक म्हणतात. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण साधं रबर बर्फावर टप्पे खातं, गोठलेलं सरळ घसरत जातं. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा जणी, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. पण गोलरक्षक सोडली तर सलग मिनिटभरसुद्धा कोणी बर्फावर थांबत नाही. चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून स्केटिंग करायचं, कठडा ओलांडून बाकावर यायचं आणि धापा टाकत पुढच्या पाळीची वाट बघायची. पुरुषांच्या खेळातली अंगावर धडक मारून आडवं करण्याची मुभा मुलींच्या खेळात नाही. त्यामुळे पायांतली चपळाई आणि पास देण्यातली अचूकता इथे जास्त दिसते. माझ्या मते नव्या प्रेक्षकाने आइस हॉकी समजून घ्यायला मुलींच्या सामन्यापासूनच सुरुवात करावी.

मुली हा खेळ अलीकडे शिकल्या, असं मात्र अजिबात नाही. कॅनडातल्या मॅकगिल आणि क्वीन्स विद्यापीठांत १८९०च्या दशकात मुली घोट्यापर्यंत पोचणारे झगे घालून खेळत होत्या. क्वीन्सचीच गोलरक्षक एलिझाबेथ ग्रॅहम १९२७ साली तलवारबाजीची जाळी तोंडावर बांधून उभी राहिली. गोलरक्षकाने मुखवटा घातल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत जाक प्लांटने मुखवटा रूढ केला तो १९५९ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मुलींचे संघ विरत गेले. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, महाग, बर्फाचे तास मोजके, आणि ते तास आधी पुरुषांना, मग मुलग्यांना, उरलेच तर मुलींना.

हे बदलायला सुरुवात झाली २३ जून १९७२ रोजी. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या दिवशी शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखलं जातं. मूळ इंग्रजीत ते सदतीस शब्दांचं आहे: केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून कोणालाही डावलता येणार नाही. त्या सदतीस शब्दांत ‘खेळ’ हा शब्द कुठेच नाही. कलमासाठी झटलेल्यांत हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण वैद्यकीय महाविद्यालयांनी दार लावून घेतलं म्हणून त्या वकिलीकडे वळल्या होत्या.

खेळाचा संबंध आला तो हिशेबातून. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघात पंच्याऐंशी मुलांना शिष्यवृत्ती देता येत असे. मुलींकडे त्या तोडीचा खेळ नव्हता. मग पारडं समतोल करायचं तर मुलींचे मोठे संघ उभे करणं विद्यापीठांना भाग पडलं. आइस हॉकीत अठरा शिष्यवृत्त्या बसत होत्या. त्यातच १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असं हरवलं. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनचा मुलींचा संघ बर्फावर उतरला.

विस्कॉन्सिन हे उत्तरेकडचं, कडाक्याच्या थंडीचं राज्य. तिथल्या लोकांना बॅजर म्हणतात. बॅजर हा बिळं खणणारा प्राणी. एकोणिसाव्या शतकात शिशाच्या खाणींत राबणारे मजूर हिवाळ्यात डोंगरउतारांवर बिळासारखे खड्डे खणून राहत, त्यावरून हे नाव पडलं. विद्यापीठाचे सगळे संघ बॅजर्स म्हणवतात. मॅडिसन शहरातलं मेंडोटा तळं विद्यापीठाला लागूनच आहे आणि ते हिवाळ्यात गोठतं. हॉकी इथे घरोघरची. पण मान होता तो मुलांच्या संघाला, आणि तो मिळवून दिला होता बॉब जॉन्सन या प्रशिक्षकांनी. त्यांच्या हाताखाली मुलांनी १९७३, १९७७ आणि १९८१ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली.

मुलींच्या संघाची गोष्ट मुख्यतः या बॉब जॉन्सन यांच्या मुलाची आहे.

मार्क जॉन्सन १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळले. २२ फेब्रुवारीला समोर सोव्हिएत संघ होता, जगातला सर्वांत बलाढ्य. अमेरिकेच्या बाजूला होती महाविद्यालयीन पोरं. पहिला डाव संपत आला होता आणि सोव्हिएत २-१ने पुढे होते. लांबून आलेला एक फटका सोव्हिएत गोलरक्षक त्रेत्याकने अडवला, पक समोर सुटला. सोव्हिएत खेळाडूंनी डाव संपला असं धरून अंग सैल सोडलं होतं. जॉन्सन मात्र धावत राहिले होते. घड्याळात एक सेकंद उरला असताना त्यांनी पक जाळीत घातला. चिडलेल्या सोव्हिएत प्रशिक्षकाने त्रेत्याकसारख्या गोलरक्षकाला बाहेर बसवलं. तिसऱ्या डावात पुन्हा बरोबरी साधणारा गोलही जॉन्सन यांचाच, आणि अमेरिका ४-३ अशी जिंकली.

हाच माणूस २००२ साली विस्कॉन्सिनच्या मुलांच्या संघाचं प्रशिक्षकपद मागत होता. वडिलांची जागा, स्वतःचं विद्यापीठ. ते पद दुसऱ्याला मिळालं. मग त्यांनी मुलींचा संघ घेतला. तो तीन वर्षांचा संघ होता, पदरात अजिंक्यपद नव्हतं. ऑलिंपिकचं सुवर्ण गळ्यात असलेल्या माणसाला हा कमीपणा वाटू शकला असता. त्यांनी काय केलं ते आकडे सांगतात. २००६ साली मिनेसोटाला ३-० हरवून पहिलं अजिंक्यपद, लगेच २००७ साली दुसरं, आणि २०२५पर्यंत एकूण आठ. अमेरिकेत कोणत्याही विद्यापीठाच्या महिला हॉकी संघाकडे तेव्हा इतकी अजिंक्यपदं नव्हती.

२००७चं अजिंक्यपद मिळण्याआधीचा एक सामना मला फार मोलाचा वाटतो. हार्वर्डविरुद्ध उपउपांत्य फेरी. तीन डाव झाले, गोल नाही. अतिरिक्त वेळ झाली, गोल नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी नाही. चौथ्या अतिरिक्त डावात जिनेल झॉगने गोल केला आणि सामना १-० असा संपला. एका संध्याकाळी दोन पूर्ण सामन्यांपेक्षा जास्त हॉकी त्या मुली खेळल्या. मुलींच्या अंगात दम नसतो म्हणणाऱ्यांना त्या रात्रीनंतर बोलायला जागा उरली नाही.

२०१२ साली लाबान अरीना उघडलं. विद्यापीठाच्या कोल सेंटर या मोठ्या क्रीडागृहाला लागून, मुलींच्या संघासाठी बांधलेलं, २,२७३ प्रेक्षकांचं. माझ्या लेखी सातबाऱ्यावर नाव चढलं ते तेव्हा. आपलं कपाट, आपली वेळ, आपला बर्फ. आणि प्रेक्षक? १४ जानेवारी २०१७ रोजी सेंट क्लाउड स्टेटविरुद्धचा सामना मुद्दाम कोल सेंटरमध्ये ठेवला, तर १५,३५९ लोक आले. अमेरिकेच्या विद्यापीठीय महिला हॉकीत तो विक्रम ठरला. मुलींचा खेळ बघायला कोण येणार, या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

त्या काळात गोलमध्ये आन-रेने देबियाँ उभी असायची. क्वेबेकची मुलगी. २०१५-१६च्या हंगामात एकवीस सामन्यांत तिने एकही गोल होऊ दिला नाही. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर काही काळ हॉकी सोडून ती हिशेबनिसाच्या पेशाकडे वळली. मुलींसाठी पोट भरण्याइतका पैसा तेव्हा या खेळात नव्हता, हे ध्यानात घेतलं तर तिचा निर्णय शहाणपणाचाच होता. पुढे ती परतली आणि २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कॅनडाची गोलरक्षक म्हणून सुवर्ण घेऊन गेली.

पैशाचा प्रश्न ऐरणीवर आणला तोही याच विद्यापीठाच्या एका माजी कप्तानाने. मेगन डगन २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची कप्तान होती. न्याय्य मानधन आणि सोयी मिळेपर्यंत जागतिक स्पर्धेत खेळणार नाही, असं सगळ्या खेळाडूंनी जाहीर केलं, आणि तेही स्पर्धा मायदेशात, मिशिगनमध्ये असताना. अमेरिकेच्या हॉकी महासंघाने बदली खेळाडूंची शोधाशोध सुरू केली. विद्यापीठांत, शाळांत शिकणाऱ्या मुलींना विचारणा झाली. देशाची जर्सी घालायचं आयुष्यभराचं स्वप्न समोर चालून आलं होतं, आणि एकीमागून एक मुली नाही म्हणाल्या. स्पर्धेच्या तीन दिवस आधी समझोता झाला. अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध अतिरिक्त वेळेत विजयी गोल केला हिलरी नाइटने. तीही विस्कॉन्सिनचीच.

मैदानावरचा एक प्रसंग मात्र जवळून सांगायलाच हवा. २३ मार्च २०२५, मिनियापोलिसचं रिडर अरीना, राष्ट्रीय अंतिम सामना. ओहायो स्टेट ३-२ने पुढे, शेवटचं मिनिट सरत आलेलं. ओहायोच्या गोलसमोर झुंबड उडाली. जॉन्सन यांनी पंचांकडे दाद मागितली. चित्रफीत तपासल्यावर दिसलं की गोलक्षेत्रात ओहायोच्या खेळाडूने पक हाताने दाबला होता. विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट मिळाला. घड्याळात १८.९ सेकंद. अख्खा बर्फ रिकामा. एका टोकाला गोलरक्षक, मध्यावर एकटी कर्स्टन सिम्स. २०२३च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल तिचाच होता. पक घेऊन ती निघाली आणि तिने बरोबरी साधली. मग अतिरिक्त वेळेत तिसऱ्या मिनिटाला पुन्हा तिनेच गोल करून सामना संपवला, ४-३. त्या हंगामात एक्केचाळीस सामन्यांपैकी विस्कॉन्सिन फक्त एक हरलं.

हे सगळं वाचताना मन लडाखकडे जातं. भारताचा महिला आइस हॉकी संघ २०१६ साली तैपेईत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, आणि त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. २०१७ साली बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय, २०२५ साली अल ऐनमध्ये आशिया चषकाचं कांस्य. या मुली वाढल्या त्या गोठलेल्या तळ्यांवर, वर्षाकाठी जेमतेम दोन महिने टिकणाऱ्या बर्फावर. ज्यांना बारा महिने रिंक मिळते अशा संघांशी त्या झुंजतात. त्यांना बारमाही बर्फ आणि नियमित सामने मिळाले पाहिजेत, हे मागणं अवाजवी नाही.

चादर ट्रेकसाठी जानेवारीत लेहला जाणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. तिथे हवामानाशी जुळवून घ्यायला दोन-तीन दिवस थांबावंच लागतं. त्यातली एखादी दुपार कर्झूच्या गोठलेल्या तळ्याकाठी घालवा. मुलींचा सामना सुरू असेल तर फोटो काढून निघू नका. तिन्ही डाव संपेपर्यंत उभे राहा.